आक्का, तुझ्या रक्तात काय होतं?

आक्का,

तू गेलीस त्या दिवशी दुपारी इथल्या पेपरच्या वार्ताहराचा फोन आला. निधनाची बातमी द्यायची होती. त्याने नाव विचारलं, वय विचारलं आणि मग म्हणाला, "सर, गाव म्हायत आसा. पण बाई रवाक खंय होते?"  मस्कत सांगू, माल्टा सांगू, की ती बोट सांगू, जिला पत्ताच नसतो? शेवटी म्हटलं, "देवगड तालुकोच घाल." तू ऐकलं असतंस तर हसली असतीस. मेल्यावर तरी माका एका जाग्यार बसवलंस, असं काहीतरी म्हणाली असतीस.

बातमी दोन ओळींची आली. त्यात चूक काही नाही, पण त्यात तू नाहीस. म्हणून हे लिहितोय. लिहितोय म्हणजे बोलतोयच. आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

आई तुला म्हणायची, "ह्या चेडवाच्या पायाक भिंगरी आसा." लहानपणी ती हे कौतुकाने म्हणायची. तू एकटीच कातळाचा सडा ओलांडून पार खाडीपर्यंत जायचीस आणि मी घराच्या पायरीवर तुझी वाट बघत बसायचो. परत आलीस की परकराच्या ओच्यातली करवंदं माझ्या पुढ्यात ओतायचीस. "थंय फुडे आणखी एक वाट आसा रे, बाबल," असं म्हणताना तुझे डोळे अजून त्या वाटेवरच असायचे. करवंदं मला मिळायची. वाट तू एकटीच बघून यायचीस.

नंतर भिंगरी हा शब्द आपल्या घरात कुणी हसून उच्चारला नाही.

भावोजी अचानक गेले तेव्हा तुझी मुक्ता अजून शाळेतही जात नव्हती. तुझं नर्सिंग झालेलं होतं, मस्कतच्या एका हॉस्पिटलात जागा मिळत होती. तू मुक्ताला आमच्याकडे, म्हणजे आई, मी आणि माझी बायको वैशाली यांच्याकडे ठेवलंस आणि गेलीस. त्या वेळी तुला कुणी नावं ठेवली नाहीत. नवरा नाही, पदरात पोर, बाई करणार काय, असं म्हणत गावानेही समजून घेतलं. करार संपवून तू परत आलीस. मुक्ता तुझ्या अंगाला गोचिडीसारखी चिकटून असायची, न्हाणीघराच्या दाराबाहेरसुद्धा उभी राहायची. आणि एक दिवस जेवताना तू म्हणालीस, माल्टाला जागा आहे.

आईचा हात भातावरच थांबला. "आता कित्या?" तिने विचारलं. "आता काय कमी आसा?"

तू आमटी वाढून घेतलीस. 

माल्टानंतर आणखी कुठे, मग प्रवासी बोटीवरची नर्स. गणपतीला जमलं तर यायचीस. येताना सगळ्यांना काही ना काही आणायचीस, आठ दिवस घर दणाणून सोडायचीस, नवव्या दिवशी तुझा चेहरा उतरायचा. तो चेहरा मी ओळखायचो. मुक्तासुद्धा ओळखायची, आणि मग ती तुझ्यापासून लांब लांब बसायची, सवय करायला. आई गेली तेव्हा तुझी बोट भर समुद्रात होती. आईने विचारलेल्या त्या 'कित्या'चं, त्या 'का'चं उत्तर तिला मिळालंच नाही.

उत्तर तुला मिळालं, की मिळाल्यासारखं वाटलं, ते त्यानंतर. रविवारची दुपार होती. तुझी बोट दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाच्या एका बंदराला लागली होती. फोनमध्ये वाऱ्याचा एवढा आवाज की तू ओरडून बोलत होतीस.

"बाबल, हंय जमीन संपली रे! हेच्या फुडे नुसतो बर्फ. आणि तुका सांगतंय, हंय पण बायलमाणसां खडपार बसान कालवां काढतत. आपल्यासारखीच."

मग म्हणालीस, "आमचो डॉक्टर सांगी होतो, ही माणसां आफ्रिकेसून चलत चलत हंय पावली. हेंच्या रक्तात एक जीन आसा म्हणे, भटकूची. जी माणसां जितकी लांब गेली, तितकी ती जास्ती गावता. तू कॉलेजात ह्याच शिकवतंस मां? खरा काय?"

इतक्या वर्षांत तू माझ्या विषयातलं पहिल्यांदाच काही विचारलं होतंस. मी हुरळून गेलो. वर्गात सांगतो तसं सगळं सांगितलं. मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं, काहीतरी नवं मिळालं की माणसाला जी तरतरी येते तिच्याशी त्याचा संबंध असतो. ते जिथे जाऊन बसतं ती जागा घडवणारं एक जनुक आहे. त्यात एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुणात कमी वेळा, कुणात जास्त. ज्यांच्यात तो लांबलेला असतो त्यांना नव्याची ओढ जास्त असते असं काही संशोधकांना वाटलं. आणि हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून निघून जे लोक सगळ्यात लांब जाऊन पोचले, त्यांच्या वंशजांत हे लांबलेलं रूप जास्त सापडतं, असंही त्यांना दिसलं.

"मगे माझ्यात पण आसतली," तू म्हणालीस. कुणीतरी डोक्यावरचा भारा उतरवून घेतल्यावर बाई जशी बोलते, तसा तुझा आवाज सुटला.

तो आवाज ऐकून मी सावध झालो. घाईघाईने राहिलेलं सांगायला लागलो. आक्का, ह्यावर सगळ्यांचं एकमत नाही. लांब गेलेल्या लहान लहान टोळ्यांत एखादं जनुक निव्वळ योगायोगानेही वाढतं. किंवा त्या जनुकामुळे ते निघाले असं नसेलच, नव्या मुलखात जगताना ते उपयोगी पडलं असेल आणि म्हणून टिकलं असेल. आणि एकेका माणसात त्याचा परिणाम इतका थोडा, की पुष्कळांना तो शोधूनही सापडला नाही. "एका बागेतल्या आंब्यांचा सरासरी वजन सांगला म्हणान तुझ्या हातातल्या आंब्याचा वजन कळाचा नाय," मी म्हटलं.

"तू आंबे मोजीत बस," तू म्हणालीस. "माका माझा कळला."

आणि फोन ठेवलास.

पुढे कित्येक रविवार आपण ह्यावरच भांडलो. वैशाली म्हणायची, दुसरी भावंडं जमिनीवरून भांडतात, तुम्ही जीनवरून. ती हसायची, पण मला ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. कारण एकदा गणपतीला आली असताना, आपण जेवायला बसलेलो असताना, तू फार मायेने म्हणालीस, "बाबल, तू रवलंस, कारण तुझ्यात ती नाय. मी गेलंय, कारण माझ्यात ती आसा. दोगांचोय दोष नाय."

तुला वाटलं, तू मला माझा वाटा दिलास. मला वाटलं, माझ्याकडे होतं तेवढंही तू काढून घेतलंस. पुण्याला पीएच.डी.साठी जागा मिळाली होती, तुला माहीत आहे. आई थकली होती, मुक्ता चौथीत होती. मी ते पत्र टेबलावर ठेवून बरेच दिवस विचार केला आणि जायचं नाही असं ठरवलं. आयुष्यात मी ठरवून केलेली तेवढी एकच मोठी गोष्ट.

"मी रवलंय ता ठरवन रवलंय, आक्का."

"तुका तसा वाटता."

मी ताटावरून उठलो होतो. त्याबद्दल तू कधी बोलली नाहीस, मीही नाही. पुढच्या रविवारी मी फोनवर तुला म्हटलं होतं, ती माणसं किनाऱ्याकिनाऱ्यानेच पुढे सरकत गेली असं मानणारे अभ्यासक आहेत. ह्याच किनाऱ्याने गेली असतील तर काही इथेच थांबली असणार. थांबले त्यांच्या रक्तात काय होतं हे कुणी का विचारत नाही? तू म्हणालीस, "थांबलेल्यांका कोण कित्या शोधतलो? ती जाग्यारच गावतत." आणि दोघेही हसलो. आपलं भांडण हे असं होतं, आक्का. त्यातली गंमत आता कुणाला सांगू?

पण त्या भांडणाच्या वेळी आपण दोघांनी मुक्ताकडे बघितलं नाही.

तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. कुडाळला बँकेत नोकरी, नवरा निलेश शांत स्वभावाचा. त्या गणपतीला तुम्ही दोघी स्वयंपाकघरात हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होतात, मी नारळ खवत होतो. तू एकदम म्हणालीस, "मुक्ता, तुका सोडून जावचा असा माझ्या मनात नव्हता गो. ता माझ्या रक्तातच आसा. मामाक विचार, तेका सायन्स येता."

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. मी माझं नेहमीचं सांगितलं, काहींना असं वाटतं, सिद्ध झालेलं नाही. तिने ते नीट ऐकून घेतलं. मग पानावर पीठ पसरत, वर न बघता तिने तुला विचारलं, "रक्तात म्हणजे, माझ्यात पण?"

"आसतला की!" तू किती आनंदाने म्हणालीस. "तू माझाच चेडू मां!"

मुक्ताने पान बाजूला ठेवलं आणि ती हात धुवायला गेली. तुला वाटलं, पोरीने आईला माफ केलं. मलाही तसंच वाटलं.

मग वर्षं गेली. मुक्ताला मूल झालं नाही. लोक विचारायचे, वैशाली देवाला गाऱ्हाणं घालायची. मग एक दिवस निलेश एकटाच कॉलेजात येऊन मला भेटला. स्टाफरूममध्ये बोलवेना म्हणून आम्ही बाहेर काजूच्या झाडाखाली उभे राहिलो. "सर, डॉक्टराक काय दोष गावलो नाय. मुक्ताकच मूल नको आसा. म्हणता, आई माका टाकून गेली. ता माझ्यात पण आसा. मूल झाल्यार कळला तर मी काय करू? तुमी तेका समजवा. तुमी ह्याच शिकवतास."

मी त्याच रविवारी कुडाळला गेलो. मुक्ता रागावली की शुद्ध मराठी बोलते, तुला माहीत आहे. मी तिला सांगितलं, आईत ते असेल की नाही हेच ठाऊक नाही, असलं तरी तुझ्यात येण्याची शक्यता निम्मी, आणि आलं तरी त्याचा परिणाम अगदी थोडा. तिने मला पुरं बोलू दिलं नाही.

"मामा, मला शक्यता सांगू नका. ज्या मुलाला सोडून जाईन, त्याला थोडं म्हणजे किती?" मग हळू आवाजात म्हणाली, "आई माल्टाला निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत धावत गेले होते. तिने मागे वळून बघितलं. ती रडत होती, मामा. रडत रडत गेली. एवढं रडू येत होतं तर थांबली का नाही? का ते तिनेच सांगितलंय. तिला थांबताच येत नव्हतं."

बोटीवरच्या त्या डॉक्टरने तुला सहज सांगितलेली गोष्ट, आक्का. तुझा भारा त्या गोष्टीने उतरवला आणि तोच मुक्ताच्या डोक्यावर चढवला. मी तिथून एसटीने परत येताना सबंध वाटभर, वर्गात इतकी वर्षं आपण काय शिकवलं, एवढाच विचार करत होतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तू कायमची परत आलीस. गाडीतून उतरलीस तेव्हा वैशालीने तुला ओळखलं नाही. रिपोर्ट तूच मला वाचून दाखवलेस, पेशंट दुसराच कुणीतरी असल्यासारखे. मी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणालीस, "मी नर्स आसंय. माका फसव नको." पुढच्या खोलीत, खिडकीतून बाग दिसेल अशी तुझी कॉट लावली. मुक्ता दर रविवारी यायची. पेज करून भरवायची, तुझे पाय दाबायची, चादर बदलायची. बोलायची नाही. तू तिच्याकडे बघत राहायचीस.

एका दुपारी तू मला विचारलंस, "तेका मूल कित्या नाय रे?"

मी टाळलं. तू पुन्हा विचारलंस. मग मी सगळं सांगितलं, निलेशचं, फाटकाचं, रडण्याचं.  त्या दिवशी पेज तशीच राहिली. संध्याकाळी वैशालीने दिवा लावला तेव्हा तू म्हणालीस, "माका वाटलेला, मी तेका समजावन सांगलंय." बस, एवढंच.

रविवारी मुक्ता आली. पाय दाबायला बसली तर तू पाय काढून घेतलेस आणि तिला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलंस. मी उठायला लागलो. "तू खंय चल्लंस? बस," तू म्हणालीस. उशीला टेकून बसायलाच तुला किती वेळ लागला.

"मुक्ता, माझ्या रक्तात काय एक नव्हता," तू म्हणालीस. "मस्कताक मी पोटासाठी गेलंय. माल्टाक नाय. माका जावचा होता म्हणान गेलंय. तू रडतलंस ता माका म्हायत होता. हंय माझो जीव गुदमरायचो आणि थंय गेल्यार बरा वाटायचा. माका थांबूक येय होता. मी थांबलंय नाय."

मुक्ता हलली नाही.

"ता रक्तातला बिक्तातला मी माझ्यासाठी धरून ठेवललंय. माका बरा वाटायचा. तुका थांबूचा आसात तर तू थांबतलंस. कोण तुका ओढून नेवचा नाय. आयकलंस?"

मुक्ता उठली.  "इतकी वर्षं मी स्वतःला घाबरत होते, आई," ती म्हणाली. "आणि तू हे आज सांगतेस?" तिने पर्स उचलली. निलेश संध्याकाळी गाडी घेऊन येणार होता, त्याची तिने वाट बघितली नाही. मी मागून फाटकापर्यंत गेलो, तर ती स्टॉपकडे चालायला लागली होती.

आत आलो तर तू डोळे मिटून पडली होतीस. "बरोबर झाला मां रे?" तू विचारलंस. मी चमच्याने तुझ्या तोंडात पाणी घातलं. त्यातलं थोडंच आत गेलं.

पुढच्या रविवारी मुक्ता आली नाही. तुझा आवाज गेला होता, पण दाराशी कुणी आलं की तुझी मान वळायची. दूधवाला आला तरी वळायची. मी मुक्ताला फोन केला. "येतंय, मामा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती निघायच्या आत सकाळीच तू गेलीस. बागेत मोहोरावर फवारणी चालली होती, पंपाच्या आवाजात तुझा शेवटचा श्वास मला ऐकूसुद्धा आला नाही. वैशाली म्हणाली तेव्हा कळलं.

अग्नी मुक्ताने दिला. कुणी हरकत घेतली नाही, भटजींनीही नाही. ती रडली नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर खांदा दगडासारखा होता.

काल तेरावं झालं. पाहुणे गेले. मुक्ता आणि मी पडवीत बसलो होतो. ती म्हणाली, "मामा, एक विचारू? आई खरं बोलली, की माझ्यासाठी खोटं बोलली?"

मी पाहुण्यांसाठी अंथरलेली सतरंजी गुंडाळायला लागलो.

"तपासता आलं असतं ना? तिच्यात ते होतं की नाही ते?"

तपासता आलं असतं, मी म्हटलं. माझे जुने विद्यार्थी अशा प्रयोगशाळांत आहेत. पण ते सापडलं असतं तरी किंवा नसतं तरी, त्या दिवशी फाटकाजवळ मागे वळल्यावर तिच्या मनात काय झालं ते त्यातून कळलं नसतं. ते तिलाच ठाऊक.

"खरं असेल तर तिने मला ठरवून सोडलं," मुक्ता म्हणाली. "खोटं असेल तर जाता जाता तिने सगळं स्वतःवर घेतलं, माझ्यासाठी. मला ह्यातलं कुठलं हवंय तेच मला कळत नाही."

आक्का, तू ते वाक्य बोललीस तेव्हा मी तुझ्या समोर बसलो होतो, तुझा चेहरा बघत होतो, तरी मला सांगता येत नाही. 'माका थांबूक येय होता.' तुझ्यासारखी बाई इतकं सरळ खोटं बोलेल असं वाटत नाही. आणि बोलायचंच ठरवलं तर तू इतकंच सरळ बोलशील, असंही वाटतं. एक मात्र झालं. आपलं भांडण मी जिंकलो. तुला थांबता येत होतं, म्हणजे मीही ठरवूनच थांबलो होतो. तुझ्या तोंडून हे ऐकण्यासाठी मी किती वर्षं भांडलो! आणि तू ते बोललीस तेव्हा मला वाटलं, नको, मागे घे. तुझं ते रक्तातलं तुझ्यापाशी राहू दे. मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या अंगावरची शाल काढून घ्यावी तसं मला झालं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चमच्याने पाणी घालत बसलो.

आज दुपारी निलेश मुक्ताला न्यायला आला. तिची बॅग भरलेली होती. चहा झाला, तो उठला, आणि ती म्हणाली, "तुमी जावा. मी रवतंय थोडे दिवस." त्याने किती ते विचारलं नाही. वैशालीनेही नाही. गाडी वळून गेली आणि मुक्ता तुझ्या खोलीत गेली.

अजून ती आतच आहे. दार नुसतं लोटलेलं आहे. मघापासून ती रडतेय, इतके दिवस रडली नव्हती ते सगळं. वैशाली दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. मला म्हणते, तुम्ही जा. मी जाऊन तिला काय सांगणार? तू असतीस तर तुलाच आत पाठवलं असतं.